साक्षगंध होऊ दे, मग गोळी

४ नोव्हें., मंगळ.
वत्सलाबाईचा अक्षय. पोलीस भरतीच्या तयारीला भंडाऱ्याच्या अकॅडमीत होता, दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, गावच्या जत्रेसाठी आला. परवा रात्रभर नाटक पाहिलं, काल ताप, आज सकाळपासून उलट्या. नर्सबाई म्हणून मला बोलावलं तेव्हा दुपार टळून गेली होती. अंगावर ठिपके दिसले म्हणून मायनं खाटेवर कडुनिंबाचा पाला अंथरलेला, दाराला डहाळी. माता आली म्हणे. माता आलेल्या घरात औषध चालत नाही, सुई तर नाहीच.
मान वाकत नव्हती. पोटऱ्यांवर जांभळे डाग. चहाचा काचेचा ग्लास मागितला, डागावर दाबला, काचेतून पाहिलं. साधा पुरळ दाबला की फिका पडतो. हा पडला नाही. अँबुलन्स बोलावली. वत्सलाबाई हात जोडत होती. मला नाही, मातेला.

५, बुध.
अक्षय गेला. दुपारच्या आत. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं जीव तोडून केलं, पण उशीर तो उशीर.
धानाची कापणी अर्धी टाकून लोक मातीला आले. एका ग्लासातून पाणी, एकमेकांच्या गळ्यात पडणं. मी बाजूला उभी. काय सांगणार तेव्हा?

६, गुरु.
एमओ साहेबांचा, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा फोन. अक्षयच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मेनिंगोकोकस निघाला, मेंदूज्वराचा जंतू. कित्येकांच्या घशात गुमान बसून राहतो, त्रास देत नाही. एखाद्यालाच धरतो, पण धरला की सवड देत नाही. एका खोलीत झोपले, तोंडातलं एकमेकांच्या तोंडात गेलं, त्यांना आधी गाठा म्हणाले.
आमच्या गावात ते काय शोधायचं! तंबाखू-सुपारीचा खर्रा एकानं प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, त्याच पन्नीतून चौघांनी चिमूट-चिमूट तोंडात टाकायचा, बोटं चाटायची, पुन्हा पन्नीत.
साहेबांनी कॅप्सूल पाठवल्या, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. गरोदर बाई असली तर सुई. चौकात लोक गोळा केले नि नीट समजावलं. लघवी लाल-नारिंगी होईल, घाबरू नका.  मग झिंगरू बुवानं विचारलं, टीबीचीच न हे? मी म्हटलं, औषध तेच, रोग दुसरा. पुढचं अर्धं कोणाच्या कानात गेलंच नाही.
लसही आहे याची. आमच्या यादीत नाही. हजला जाणाऱ्यांना देतात, फौजेत देतात. अक्षयला नि माझ्या भावाच्या विकासला जन्मापासूनच्या सगळ्या लसी मीच टोचल्या. हीच तेवढी नाही.

७, शुक्र.
मोरूदादाकडे. माझं माहेर नि माझं उपकेंद्र एकच गाव, त्यामुळे रागवायलाही चोरी. दादाचा विकास अक्षयच्याच खोलीत राहायचा अकॅडमीत. एकच गादी, एकच पन्नी. मंडईला दोघं सोबतच आले. त्याला सगळ्यात आधी गोळी पाहिजे होती. आणि रविवारी त्याच्या बहिणीचं, प्रतीक्षाचं साक्षगंध; साखरपुड्याची सगळी तयारी झालेली.
दादा ओसरीवर बसला होता, बोलला हळूच. "सुलू, पाहुण्याइचा माणूस याच गल्लीत राह्यते. टीबीची गोळी घरात आली म्हटलं का सोयरीक मोडली समज. साक्षगंध होऊ दे, मग चारतो."
म्हटलं, दादा, हा रोग पंचांग पाहून येत नाही. म्हणे, पोट्टा तर धडधाकट आहे, सकाळीच धान बांधून आला. अक्षय तरी काय होता? धावण्यात पहिला होता तो.
मग सुईचं काढलं. एकदाच, लघवी लाल होत नाही. तर म्हणे, तुयी गाडी दारात उभी राह्यली का गावाले तेच दिसते. गोळ्यांची पुडी देवळीत ठेवली, वर हळदी-कुंकवाची वाटी. मला इतका राग आला की चहा न पिता उठली. वहिनी दारापर्यंत आली.

८, शनि.
सकाळी उपकेंद्रात गर्दी, लाल झालं म्हणून. सांगितलं होतं न बाप्पा! मीही घेतली, माझंही लाल आहे. कोणाला हसू नाही आलं. अर्ध्यांनी उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. वत्सलाबाईनं मात्र निमूट घेतली. तिला आता काय नि कशाचं.
दुपारी मागच्या दारानं वहिनी आली, प्रतीक्षाला घेऊन. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी, कोणी विचारलं तर वांगी द्यायला आली होती. दोघींना सुई दिली. वहिनी म्हणे, "पोरीले तं वाचवलं मी. पोट्ट्याले कशी आणू? त्याच्या बापानं त्याले आंबागडले पाठवलं, मामाले आणाले."
मामाला घरातल्या पोरानं जाऊन आणायचं, फोनवर बोलावलं तर मामा रुसतो. दादाला बरा बहाणा सापडला. विकासचा फोन लागत नाही. तिथं जंगलात रेंज नसते.

९, रवि.
साक्षगंध छान झालं. लोक असंच म्हणतात.
विकास मामाला घेऊन आला. पाहुण्यांना पाणी दिलं, ताटं वाढली. जेवण झाल्यावर नवरदेवाच्या भावांना घेऊन मंडपामागे बसला, खर्रा घोटायला. पाचजण, एक पन्नी. मी गेली. सुई पर्समध्ये, औषध सोबत. त्याला बाजूला ओढलं, घराच्या मागं न्हाणीत चल म्हटलं, एक मिनिट.
"आत्या, आज नको न. सगळे पाहून राह्यले. उद्या सकाळी घेतो, तुयी शपथ."
डोळे लाल. डोकं दुखून राहिलं म्हणे, मामाकडे झोप नाही झाली. कपाळाला हात लावला. कोमट होतं, तर दुपारभर चुलीजवळ उभा होता म्हणून कोमट. असंच म्हटलं मी स्वतःला. तेवढ्यात दादानं हाक मारली, फोटो काढायचा होता. फोटोत मीही आहे, प्रतीक्षाच्या मागं. दादाला बघून मीही हसली असेन.

१०, सोम.
विकासला सुई द्यायला पहाटेच निघणार होती, उपकेंद्राचं कुलूप उघडतच होती तर दादाचा फोन. आवाज ओळखू येईना.
"सुलू, येतं का? त्याले उलट्या होऊन राह्यल्या. उजेड सहन होऊन नाही राह्यला म्हणते. पाहुण्याइले सांगू नको."
पाहुण्यांना सांगावंच लागेल. त्यांचे ते चारही पोट्टे रात्रीच गाडीनं आपल्या गावी गेले, तिथंही चौक असेल, पन्नी असेल. एमओ साहेबांना कळवलं. अँबुलन्स भंडाऱ्याहून निघाली म्हणतात, येईल तेव्हा खरी.
पायावर ठिपके आहेत का विचारलं. दादा म्हणे, एक-दोन आहेत, डास चावले असतील.
ओट्यावरचा काचेचा ग्लास धुतला, पुसला, पिशवीत टाकला. निघते.