मुंग्यांमागची लेक

३ फेब्रुवारी
लेक ज्या टीव्ही केंद्रावर हवामान सांगते, त्याचा नवा मनोरा उभा राहिला. आमच्या पेपरात बातमी मीच लिहिली — आता ते केंद्र इथवर पोचतं. संध्याकाळी लावून पाहिलं. आवाज तिचाच. "उद्या आकाश निरभ्र राहील." पडद्यावर मात्र नुसत्या मुंग्या. तिची आई गेल्यापासून ती इकडे आलेली नाही. मला तिला एकदा पाहायचंय, इतकंच.

५ फेब्रुवारी
अँटेना घ्यायला गेलो. छतावर लावायला घरमालकीणबाईंची मनाई — म्हणे वीज ओढून आणेल. दुकानदाराने विचारलं, "मग माळ्यावर? वर कौलं की पत्रा?" कौलं. "नशीब. पत्रा असता तर मी विकलाच नसता." मी एक छोटासा, देखणा उचलला होता. त्याने तो काढून घेतला आणि माशाच्या काट्यासारखा एक लांबलचक हातात दिला. "कौलांखाली निम्मा जोर जातो, काका. देखणेपण दाखवायचंय कुणाला?" खरं आहे. माझ्या माळ्यावर येतंय कोण. खाली तरी कोण येतंय.

६ फेब्रुवारी
फोन जावयाने उचलला, घाईघाईने तिच्याकडे दिला. अँटेनाचं सांगितलं. ती म्हणाली, "कशाला बाबा? या वयात माळ्यावर चढू नका. आणि पाहायचंय काय, मी नकाशासमोर उभी असते." काळजी करते पोर. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
अँटेना तारेने तुळईला बांधला, तोंड मनोऱ्याच्या दिशेला. खाली उतरलो — मुंग्या. वर चढलो, किंचित फिरवला, उतरलो — मुंग्या. मग ध्यानात आलं, मी तो पाण्याच्या लोखंडी टाकीच्या बरोबर आड बांधलाय! सोडला, पलीकडे नेला. तरी तेच. मुळात हे काम दोघांचं. एकाने वर फिरवायचं, दुसऱ्याने खालून ओरडायचं — आलं, आलं, गेलं. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे. मराठीने ते मोडीत काढलं. माझ्या घरानेही.

९ फेब्रुवारी
गुडघे बोलतात. बाकी कोणी नाही.

११ फेब्रुवारी
शेवटी मालकीणबाईंनाच बोलावलं. त्या खाली खुर्चीत, मी वर तुळईला लटकलेला. बातम्या सुरू.
"आलं का?"
"मुंग्या."
"आता?"
"जास्त मुंग्या. तुम्ही वारूळच हलवलंत."
"आता?"
"अहो, आलं. अगदी लख्ख. या खाली, तुमचीच मुलगी ही. नाक तुमचं आलंय बिचारीला."

११ फेब्रुवारी, जेवणानंतर
उतरलो तेव्हा ती नकाशाच्या कडेकडे वळत होती. वळली, आणि पोट दिसलं.
मालकीणबाई म्हणाल्या, "आजोबा व्हायला निघालात आणि आम्हाला पत्ता नाही? कितवा चाललाय?"
"सातवा," मी म्हणालो. अंदाजाने.