स्वयंपाकघरातला दुसरा फोन

पप्पा,

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता मला कानांच्या तपासणीला जायचं आहे. ही वेळ मी याआधी दोनदा घेतली आणि दोनदा मोडली. पहिल्यांदा घरी पाहुणे आले होते. दुसऱ्यांदा कुणीच आलं नव्हतं, तरी मी फोन करून पाहुणे आलेत असंच सांगितलं. आता तिसऱ्यांदा घेतली आहे आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. दिवसातून दहा वेळा मी अंगठा आणि बोट कानाशी नेऊन एकमेकांवर घासते आणि आवाज येतो का बघते. उजव्या कानाला येतो. डाव्या कानाला खरंच येतो की येतोय असं मला वाटतं, ते काही ठरत नाही. तुमच्या काळी रिसीव्हर उचलला की डायल टोन तरी यायचा, कान लावून बघायला माणसाला काहीतरी होतं. मोबाइलला तेही नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि या तीन आठवड्यांत मी तुमची जेवढी आठवण काढली तेवढी त्या अठरा वर्षांत मिळून काढली नसेल. हे काही प्रेमाचं लक्षण नाही. मी घाबरले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माझं पोट कानांवर चालतं हे तुम्हाला माहीत आहे, कारण त्या कामाची सुरुवात तुमच्याच घरात झाली. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर टेपवर बोलायचे, आणि ते बोलणं ऐकून मी टाइप करायचे. आता पहिलं टाइपिंग मशीन करतं आणि मी त्याच्या चुका काढते, पण कानाला हेडफोन लावावाच लागतो. गेल्या महिन्यात माझ्या तीन फायली परत आल्या. मशीनने बरोबर लिहिलेलं औषध मी खोडून चुकीचं लिहिलं होतं. कंपनीतल्या वरच्या बाईंनी गोड शब्दांत विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, ऑडिओ फार बारीक होता. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, ते शब्द माझे नव्हते, तुमचे होते.

बावीस वर्षांपूर्वी आपल्या बाहेरच्या खोलीत, क्रूस ठेवलेल्या अल्तारच्या शेजारच्या टेबलावर, मावशीच्या ऑफिसातून निघालेला तो जुना कॉम्प्युटर. त्याच्या डोक्यावर वहीएवढा मोडेम, त्याचे लाल दिवे लुकलुकतायत. मी नंबर लावते, मोडेम आधी टिकटिकतो, मग किंचाळतो, मग खरखरतो, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणते, "कोंबडी कापल्यासारखा काय वरडतो गो तो!" कंपनीने मला माझं काम बघायला एक महिना घेतलं होतं. फायली संध्याकाळी सहाच्या आत पोचल्या पाहिजेत, तीनदा उशीर झाला की घरी बसा, असा करार. फाईल जायला दहा-बारा मिनिटं लागायची आणि साडेपाचच्या सुमाराला हटकून लाईन तुटायची. पुन्हा लावली की पडद्यावर पाटी यायची, डायल टोन नाही. मी पुन्हा लावायचे. घड्याळाकडे बघत आणखी एकदा लावायचे. पहिल्याच आठवड्यात एक उशीर झाला, दुसऱ्यात दुसरा.

तुम्ही टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाईनमन होता. पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंत खारं वारं तांब्याची तार कशी खातं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या हाताखालची माणसं मीटर बाहेर काढायची तोवर तुम्ही दोन बोटं थुंकी लावून तारेला टेकवलेली असायची. बोटांना मुंग्या आल्या की करंट आहे, आणि मग कमरेचा टेस्ट फोन लावून, डोळे मिटून ऐकायचं. कुठल्या खांबावर पाणी शिरलंय ते आवाजावरून सांगायचात, आणि ते खरं निघायचं. कळंबच्या एका घरी तुम्ही रस्त्यावरूनच सांगितलं होतं की वायर उंदराने खाल्ली आहे, तेव्हा त्या घरच्यांनी तुम्हाला सुक्या बोंबलांची पिशवी दिली होती. ती गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. तर अशा माणसाच्या घरात, निवृत्त होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच लाईन तुटते म्हणजे काय? तुम्हाला तो स्वतःचा अपमान वाटला.

"बाय, लाईन बारीक हाय," तुम्ही पहिल्याच दिवशी रिसीव्हर कानाला लावून सांगितलंत. "टोन बघ, किती खोल येतो. जॉईंटात पानी गेलंय कुठंतरी." पडद्यावरची पाटी मी वाचून दाखवली तेव्हा तर तुम्हाला साक्षीदारच मिळाला. "बघ, तुझी मशीनपन तेच सांगते." मी मान डोलावली. तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार, यात शंका घ्यायचं मला सुचलंही नाही.

मग तुम्ही सुरू झालात. भिंतीवरची रोझेट, फोनची वायर जोडायची ती डबी, उघडून आतले स्क्रू पॉलिश पेपरने घासलेत. खांबावरून घरात येणारी सगळी वायर बदललीत. तेवढ्याने भागलं नाही तेव्हा शेजाऱ्यांची शिडी आणून केळीच्या वाडीतल्या खांबावर चढलात. बासष्टाव्या वर्षी. आई खाली उभी राहून ओरडतेय, "खाली उतरा आदी! पाय मोडून घेतला तर मलाच करायचंय सगळं!" आणि तुम्ही वरून ढिम्म. आम्हाला वाटलं, मुद्दामच लक्ष देत नाहीयेत. तुम्ही जॉईंट कापून नवा केलात आणि त्यावर ग्रीस चोपडलंत. खाली आलात तेव्हा चेहरा असा की आता बघच. त्या संध्याकाळी साडेपाचला लाईन पुन्हा तुटली.

मी भीत भीत म्हटलं, एक्स्चेंजमधल्या कुणाला तरी बोलावू या का? तुम्ही माझ्यावर असे खेकसलात की मी कॉलेजला जायला लागल्यापासून तसं बोलला नव्हतात. "माझ्या घरात मला दुसरा येऊन सांगनार?" तरी दुसऱ्या दिवशी स्वतःच गेलात आणि एका तरुण इंजिनिअरला घेऊन आलात. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "काका, लाईन एकदम ए-वन आहे." तुम्ही त्याला चहासुद्धा विचारला नाहीत. तो गेल्यावर म्हणालात, खात्यात आता कान असलेला माणूसच उरला नाही.

हे मला कितीदा तरी आठवलंय. तुम्हाला हसण्यासाठी नाही. आता माझ्या वाट्याला तेच आल्यावर मला कळतं की कान जायला लागले की माणसाला कान गेल्यासारखं वाटतच नाही. जग बारीक झाल्यासारखं वाटतं. लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले आहेत, असं वाटतं. माझी मुलगी पुटपुटते, याबद्दल मी तिला वर्षभर रागवत होते.

दोन उशीर होऊन गेले होते आणि महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. सहाला वीस मिनिटं कमी. फाईल निम्मी गेली आणि लाईन तुटली. मी खुर्ची मागे ढकलून पाणी प्यायला म्हणून आत गेले. आई चर्चमध्ये गेली होती. स्वयंपाकघरात, मडक्याच्या वरच्या भिंतीवर आपला दुसरा फोन होता. त्याच लाईनवरची ती जोडणी आईला कामातून उठावं लागू नये म्हणून तुम्हीच केली होती. त्या फोनचा रिसीव्हर कानाला गच्च दाबून, डोळे मिटून, तुम्ही उभे होता. माझी चाहूल तुम्हाला लागली नाही. मी अगदी शेजारी येऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकलात. "रोज या टायमाला तपासून बघतो," तुम्ही म्हणालात. "तुझी फाईल जायची वेळ ना ती. ये, तू ऐक. कसा बारीक येतो टोन." आणि हुक दाबून सोडलात.

टोन आला. पप्पा, रिसीव्हर अजून तुमच्या हातात होता, माझ्यापासून हातभर लांब, आणि मला तो तिथून स्वच्छ ऐकू येत होता. मी तो कानाला लावला तर कानठळ्या बसल्या. त्या एका क्षणात मला सगळं कळलं. माझ्या फायलीची काळजी म्हणून तुम्ही रोज साडेपाचला हा फोन उचलत होता, आणि उचलला की लाईन तुटत होती. मी पुन्हा नंबर लावायचे तेव्हा रिसीव्हर तुमच्या कानाला असायचा, म्हणून माझ्या मोडेमला टोन मिळत नव्हता. लाईनमध्ये काही म्हणता काही बिघाड नव्हता. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, डॉक्टर काय सांगतो म्हणून माणूस बघतो तसे.

मी म्हटलं, "हो पप्पा, फार बारीक आहे."

आणि मग, तुम्हाला ऐकू जावं म्हणून नकळत आवाज चढवून, मी सांगितलं की या मोडेमला एकटी लाईन लागते, दुसरा फोन चालत नाही, तर हा काढून टाकू या. तुम्ही लगेच पेचकस घेतलात. ज्या हातांनी लावला होतात त्याच हातांनी तो फोन काढलात, वायरीची टोकं नीट टेप गुंडाळून बंद केलीत, भिंतीवरची भोकं साबणाने बुजवलीत. सहाला दोन मिनिटं कमी असताना माझी फाईल पोचली. पुढे एकदाही लाईन तुटली नाही आणि मला काम मिळालं. तुम्ही गावभर सांगितलंत की वाडीतला जॉईंट बदलला म्हणून जमलं.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होता. घरच्या संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला आईचं नमो मरिये अर्ध्यावर असतानाच तुम्ही उत्तर द्यायला लागायचात, आणि आई चिडायची की यांना उठायची घाई. लग्नाकार्यात तुम्ही कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचात. लोक म्हणायचे, रिटायर झाल्यापासून माणूस शिष्ट झाला. आई म्हणायची, माझ्याशी धड बोलत नाहीत, हूं हूं करतात. रोज काही ना काही वाद. मला कारण माहीत होतं. घरात मला एकटीलाच माहीत होतं. स्टेशनजवळ कानाच्या मशीनचं दुकान निघालं होतं, त्याच्या पाटीखालून मी रोज जात होते. तुम्ही हार्टने गेलात, कानाने नाही, पण त्या चार वर्षांत तुम्ही आमच्यात बसून एकटे होता, आणि ते मी होऊ दिलं.

नवऱ्याला ही गोष्ट मी एकदा सांगितली होती. सांगताना म्हटलं, त्यांचा मान राखायला मी गप्प बसले. तो म्हणाला, बरं केलंस, म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये. मलाही ते बरं वाटलं आणि पुढे तेच खरं धरून चालले. पण ते खोटं आहे. त्या संध्याकाळी सहाला वीस मिनिटं होती आणि माझी फाईल अडकली होती. तुम्हाला कान दाखवायला न्यायचं म्हणजे तुम्ही चिडणार, आई रडणार, माझे दिवस वाया जाणार. मी म्हटलं, महिना संपू दे, मग बघू. महिना संपला, लाईन चालू झाली, आणि चालू लाईनकडे कोण बघतं? तुमच्या मानापानाचा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच आहे. तुमच्या कबरीवर ठेवायचं म्हटलं तर रविवारी आई फुलं घेऊन जाते, ती उचलून वाचेल, आणि चार वर्षं तुमच्याशी भांडल्याचं दुःख तिला या वयात सोसणार नाही. तेव्हा फाडणार आहे. शुक्रवारी मी एकटीच जाते आहे. घरी सांगितलंय, दात दाखवायला चालले.