सोनौलीच्या अलीकडे

८ सप्टें. २००२, रवि.
वंदनेनंतर विहारात बैठक. नोव्हेंबरात आपल्या सिंदेवाहीची पार्टी लुंबिनीला जाणार. बावीस नावं झाली, बहुतेक बायाच. एकीनेही नागपूरच्या पुढे पाय टाकलेला नाही, आणि नेपाळ पडला परदेश. म्हणून ठरलं की गुरुजींनी प्रवासाच्या सूचना लिहून द्याव्या आणि पार्टी घेऊनही गुरुजींनीच जावं. गावातला तिकडे जाऊन आलेला माणूस मी एकटाच ना. टाळ्या पडल्या. मी मान हलवली.
का हलवली, ते आता घरी येऊन स्वतःलाच विचारतो आहे.

१० सप्टें.
इथे तरी खरं लिहावं. मी लुंबिनीला गेलेलो नाही. माझी बायको शांता, तीही गेली नव्हती.
९० च्या डिसेंबरात नागपूरच्या एका पार्टीबरोबर निघालो. गावचे आम्ही दोघंच. आपल्याकडच्या माणसाला ऊन कळतं, थंडी कळत नाही. एकेक शाल घेऊन निघालो आणि गोरखपूरला उतरलो तेव्हा शां. तापाने फणफणलेली. पार्टी बसने सोनौलीला, म्हणजे सरहद्दीवर, आणि तिथून पलीकडे गेली. आम्ही दोघं धर्मशाळेत. तीन दिवसांनी पार्टी आली, तिच्याबरोबर परत.
इथे स्टँडवर अख्खी वस्ती हार घेऊन उभी. सांगणारच होतो. एक हार पडला, दुसरा पडला, राहूनच गेलं. शां.ला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून हे माहीत असलेला मी एकटा.

१२ सप्टें.
पत्रक लिहायला बसलो. हात अडखळेल वाटलं होतं, तर भराभर चालला. कारण सगळं शां.नेच गोळा केलेलं. परतीच्या गाडीत एकेका बाईला धरून विचारत होती, काय विसरलात, कुठे फसलात, पाय कुठे भरून आले. शेवटी जाऊन आलेल्यांपेक्षा हिलाच जास्त ठाऊक.
आतापर्यंत झालेलं: मतदार ओळखपत्र पिशवीत वरच ठेवणे, ट्रंकेच्या तळाशी नाही. भाव विचारताना आधी रुपया कोणता ते विचारणे, आपला की त्यांचा. दोन्ही चालतात आणि माणूस तिथेच फसतो. सरहद्दीची कमान पायी ओलांडणे, लुंबिनीकडे जायला भैरहव्याची गाडी पलीकडे मिळते. जवसाची चटणी भरपूर. स्वेटर दोन. एक नाही, दोन.
तिकडे हल्ली जंगलातले लोक, आपल्याकडच्या नक्षलवाल्यांसारखे, बंद पुकारतात म्हणे. 'बंदच्या दिवशी रस्त्यावर निघू नये' असं लिहिलं आणि खोडलं. ज्यांचे सोयरे एटापल्लीकडे राहतात त्यांना हे मी काय शिकवणार.

१४ सप्टें.
कुसुमबाई पत्रक वाचायला आली. रिटायर नर्स, पार्टीचा सगळा कारभार तिच्याकडे. प्रश्न तिचे नेमके. मंदिरापर्यंत चालणं किती, म्हाताऱ्यांना टेकायला जागा आहे का, बायांची सोय कुठे. सगळ्याची उत्तरं दिली. मग सहज म्हणाली, "तिथी पोचल्यावर तुमाले कसं वाटलं जी?"
याचं उत्तर शां.ने गोळा केलेलं नव्हतं. आम्ही पोचलोच नव्हतो, हे सांगून टाकलं.
चिडली असती तर बरं झालं असतं. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सखूबाई सत्तरीची हाय गुरुजी. तुमच्या भरवशावर निंगून राह्यली. पुढच्या रविवारी तुमी सांगा. नाई तं मी सांगीन."
चहा अर्धाच पिऊन गेली.

१६ सप्टें.
कु.बाईला एक सांगितलं नाही. ताप दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरला होता.
धुकं गेलं, ऊन पडलं. धर्मशाळेच्या गच्चीवर शेंगा सोलत बसलो. नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं हे हिला गाडीतच कुणी सांगितलेलं, आणि हिने गाडीतच काटे फिरवून ठेवलेले. मला म्हणाली, मी तर पोचली, तुमीच मागं राह्यले. सोनौलीच्या बसची चौकशी मी करून आलो होतो. निघालो असतो तर संध्याकाळपर्यंत पार्टीला गाठलं असतं. ही म्हणाली, "राहू द्या जी. लग्नाले चोवीस वर्सं झाली. आपण दोघंच कवा बसलो काय?"
नव्हतो बसलो. घरात अकरा माणसं, आणि मी शाळेत, नाहीतर जनगणनेत, नाहीतर इलेक्शन ड्युटीवर. तिथे दोन दिवस बसलो. तिने केस मोकळे सोडून वाळवले. लहानपणी आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला जायची ते सांगत होती. बायको कशाला घाबरायची, हे मला तिथे कळलं. मी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. त्याआधी कधी लावलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही, याचं आता फार वाईट वाटतं.
आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं तर ते दोन सांगीन. आणि ते मिळाले लुंबिनीला न जाऊन. विहारात उभं राहून हे कसं सांगायचं...

२२ सप्टें., रवि.
सांगितलं. ताप आला, राहून गेलो, एवढंच.
मग सखूबाई. शां.ची शेजारीण, धानाच्या रोवणीला दोघी जोडीने जायच्या. बसल्या जागेवरून म्हणाली, "पण शांता तं मले म्हणे, तिथी मले खूप रडू आलं. ते लबाडी होती काय?"
"रडली होती बाई. गोरखपूरले. परत निंगायच्या दिवशी."
"काऊन?"
मास्तरकीत छत्तीस वर्षं काढली, पण एवढ्या साध्या प्रश्नाला असा घाम कधी फुटला नाही. सगळं सांगितलं. गच्ची, शेंगा, तेलसुद्धा. वीस-बावीस बाया ऐकत होत्या, माझे कान तापले होते. मागे दोघी हसल्या, पण वाईट नाही हसल्या. सखूबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग आता तुमी येता का नाई?"
पत्रक तसंच वाटायचं ठरलं. कु.बाईने खालचं माझं नाव खोडलं, तिथे शांताचं लिहिलं. मला विचारलंही नाही. बरं वाटलं.

२४ सप्टें.
कु.बाई तिकिटं काढायला बल्लारशाहला निघाली. दारातूनच विचारलं, बावीस की तेवीस. तेवीस म्हणालो.
तिकीट गोरखपूरपर्यंतच असतं, सगळ्यांचंच. सोनौलीची बस दुसऱ्या दिवशी सकाळी. सखूबाईचा हात धरून कमान ओलांडायला कुणीतरी हवं, हे कळतं. पण मी पलीकडे जायचं म्हणजे शां.ला त्या गच्चीवर एकटीला सोडून जायचं. तेही आजवर केलेलं नाही.
नाही गेलो तर सखूबाई विचारणार, या खेपेस ताप कोणाले आला.