माकुलाच्या पोटातली शाई

कोलशेत, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८०७

होणारे व्याही पंढरीबुवा, मुक्काम टिटवाळे, यांस काळुरामचा दंडवत. इकडे सर्व बरे आहे, म्हणजे माझी झोप उडाली आहे, बाकी बरे आहे. तुमची कंबर कशी आहे? विहीणबाई हौसाबाईंच्या हाताचा काळेपणा गेला का? (चिंच चोळावी. तरी न गेल्यास दोष चिंचेला द्यावा, मला नको.)

तुमचा निरोप पोचला. साखरपुड्यानंतर मुलीकडून मासळीची पाटी जाते, ही आमची रीत, म्हणून पाठवली. त्यातले माकूल कापताच काळे पाणी सुटले, पाठीतून काचेसारखी पाती निघाली, त्याचे हात हौसाबाईंच्या बोटांना चिकटले. तेव्हा ही करणी आहे आणि आमच्या शालूचे लग्न तुम्ही मोडता, असे कळवलेत. पंढरीबुवा, मी साठ वर्षांचा, मिठागरात राबलेला माणूस. करणी येत असती तर मिठावर पडणारा अवकाळी पाऊस नसता का थांबवला?

तरी जिवाला घोर लागला. (तीन इयत्ता शिकलो, पण भीतीला इयत्ता नसते.) म्हणून एक ताजे माकूल फडक्यात बांधून ठाण्याला गेलो. तिथे दवाखान्यात औषधे कालवणारे अण्णा आहेत, त्यांच्याकडे इंग्रजी चित्रांचे पुस्तक आहे. त्यांनी केळीच्या पानावर माकूल उघडले. "काळुराम, तू जेवायला आलास की शिकायला?" म्हणाले. म्हटले, आधी लग्न वाचवू, मग जेवू.

तर ऐका. काळे पाणी म्हणजे शाई. आत एक पिशवी असते, मोठा मासा अंगावर आला की माकूल ती शाई सोडते आणि नळीने पाण्याचा फवारा मारून मागच्या मागे पळते. म्हणजे भित्रे ते आहे. पाठीतली पाती हा त्याचा कणाच समजा, दिसायला थेट बोरूसारखी. (अंगात शाई, पाठीत बोरू! एवढे सामान मला असते तर मी तलाठी झालो असतो.) हात आठ, शिवाय भक्ष्य ओढायला लांबसे दोन, त्यांवर बारीक वाट्या, त्या चिकटतात. तोंडात पोपटासारखी चोच. कातडीवर ठिपके असतात, त्यांनी घडीघडी रंग बदलते. रक्त निळे, आणि काळजे तीन! मला एकच आहे, तेच तुमचा निरोप आल्यापासून आवरत नाही. तीन असती तर त्यांच्या धडधडीने घरच्यांनी मला ओसरीवरसुद्धा झोपू दिले नसते.

यात करणी कुठे आहे सांगा. देवाने केलेले आहे, त्याला विचारावे. राग सोडावा आणि तुळशीच्या लग्नानंतरचा ठरलेला मुहूर्त कायम ठेवावा, ही विनंती. हौसाबाईंना नमस्कार.

आपला,
काळुराम

ता. क. एक सांगायचे राहिले. माझी बायको लक्ष्मी हिने पाटी भरताना सांगितले होते, "ती आतल्या गावची माणसं, शाईची पिशवी काढून देते." मीच म्हणालो, व्याह्यांकडे चिरलेली मासळी धाडतात का? अख्खी गेली पाहिजे, मान राहतो. आता ती रोज विचारते, "राहिला का मान?" तेव्हा चूक माझी आहे, पोरीची नाही.

आणखी ता. क. तुमचा सहदेव, म्हणजे आमचा होणारा जावई, बैल बघायला जातो सांगून निघाला, पण कल्याणला गेला नाही. परवापासून तो आमच्याकडे आहे. शालूला आम्ही शेजारी सखुबाईकडे ठेवली आहे, काळजी नसावी. त्याने तीनदा माकूल वाढून घेतले आणि त्याला काहीही झालेले नाही. हे पत्र तोच घेऊन येत आहे, त्याला मारू नये. उत्तर होकाराचे असेल तर त्याच्याच हाती द्यावे. लग्न मोडायचेच असेल तर दुसरा माणूस बघावा, कारण तसला निरोप आपण पोचवणार नाही, असे त्याने मला आताच बजावून सांगितले आहे.