कमरेएवढा ओटा

मु. बोरटोला, आमगाव
ता. १२ नोव्हेंबर २००८

भाची योगेश्वरी हिला डोमनलाल मामाचा रामराम आणि पायलागू. जावईबुवा एरिक यांनाही पायलागू. सोनूला गोड पापा.

इकडे सर्व ठीक आहे. तुझी आई ठीक आहे, तिचा खोकला गेला. मीही ठीक आहे. तुमच्या नॉर्वेत बर्फ पडायला लागला असेल, तर सोनूला बाहेर फार वेळ ठेवू नये.

शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की लहानांना पत्र लिहिताना आशीर्वाद लिहावा. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण तेवढं लक्षात आहे. तरी तुला मी कधी आशीर्वाद लिहिला नाही. आपल्याकडे भाची वयाने कितीही लहान असो, मामापेक्षा मोठीच असते, मामाच तिच्या पाया पडतो, म्हणून पायलागू लिहितो.

तुम्ही नाताळच्या सुट्टीत येणार हे कळल्यापासून माझी झोप गेली आहे. आनंद आहेच, पण काळजी किती म्हणून सांगू. नागपूरच्या विमानतळावर जीप घेऊन येतो. ड्रायव्हर पीत नाही ना, हे मी त्याच्या बायकोला विचारून घेतलं. घरात खुर्चीचा संडास बसवला आहे. पाणी उकळून देऊ. लोडशेडिंग आहे, ते माझ्या हातात नाही, पण कंदील दोन आणले आहेत. मच्छरदाणीला एक भोक होतं, ते तुझ्या आईने शिवलं, तरी मला वाटतं नवीच घ्यावी. चिनोर तांदूळ तुझ्यासाठी वेगळा ठेवला आहे. सोनू भात खाते का, हे कळव. नसेल खात तर काय खाते, तेही कळव.

गावात सगळ्यांना सांगून झालं आहे. तू पिवळी टोपी घालून पुलावर उभी आहेस तो फोटो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतो. राइस मिलवर गेलो की कोणीतरी मागतोच. कोणी नाही मागितला तर मीच काढतो. परवा यादोराव म्हणाला, "काऊन जी डोमनभाऊ, भाची समुद्रावर पूल बांधते म्हणता, मंग आपल्या नाल्यावर कायले नाही बांधून देत?"

मी म्हटलं, "तिच्या पुलाखालून जहाज जाते. तुह्या नाल्यात म्हशी बसून राहतात."

सगळे हसले. चहा यादोरावनेच पाजला. तू दोन वर्षांची असताना तुझे वडील गेले आणि तुझी आई तुला कडेवर घेऊन माझ्या दारात आली, तेव्हा याच गावातले लोक म्हणाले होते की डोमनलालच्या डोक्यावर ओझं आलं. आता तेच लोक फोटो हातात घेण्याआधी हात पुसतात.

दारासमोर एक ओटा बांधून घेतला आहे. बसायला बरा. पावसाळ्यात सामान ठेवायलाही कामी पडेल. बकाराम मिस्त्रीने बांधला, काम मजबूत आहे.

तू आईला फोनवर सांगितलंस ते तिने मला सांगितलं. मामाजींना म्हणावं, यावेळी पाय धुणं, पाया पडणं काही नको, म्हातारा माणूस माझ्यापुढे वाकतो याची मला लाज वाटते, एरिकलाही ते विचित्र वाटेल. तू शिकलेली आहेस, विचार करूनच बोलली असशील. मला राग नाही.

बाकी ठीक.

*

पत्र काल इथे संपवलं होतं. तुझी आई म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. ती सुपात तांदूळ निवडून राहिली होती, तिने सूप खाली ठेवलं.

"ओटा बसायले बांधला?"

"हो."

"कमरेएवढा? त्याच्यावर बसाले पायऱ्या चढा लागते, भाऊ. ते पोरगी समुद्रात पुलाचे माप काढते. जीपमधून उतरल्याबरोबर इचारन, मामाजी, हे काय होय. मंग काय सांगशील? पावसाचं सामान?"

तुझी आई जमुना लहानपणापासून अशीच आहे. पण तिचं बरोबर आहे. तू उंची पाहशील आणि विचारशील, आणि दारात सगळ्यांसमोर मला उत्तर सुचणार नाही. म्हणून इथेच लिहितो. वाचून घाबरू नये.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाय मुरगळला असं मी फोनवर सांगितलं होतं. मुरगळला नव्हता. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं. गोंदियात ऑपरेशन झालं, आत सळई आहे. तुझ्या आईला मी शपथ घातली होती, योगेश्वरीला बोलू नको. तुझं काम तेव्हा अर्ध्यावर होतं, तू विमानात बसून आली असतीस. आता मी काठी घेऊन चालतो, मिलपर्यंत जातो, जेवण जातं. फक्त वाकता येत नाही. डॉक्टरने कायमचं नको म्हटलं आहे.

तुम्ही येणार कळल्यावर मी एकदा करून पाहिलं. अंगणात परात ठेवली, तू उभी आहेस असं समजून पाय धुवायला वाकलो. खाली गेलो, पण वर येता येईना. तुझ्या आईने हाक मारली, बकाराम शेजारच्या घराचं काम सोडून धावत आला, दोघांनी मला उचललं. तुझी आई रडत रडत शिव्या देत होती. म्हणाली, "तिच्यापुढे असा पडलास तर ते पोरगी पुन्हा या घरी पाय ठेवन का?"

त्या रात्री मला सुचलं. मामा खाली जाऊ शकत नाही, तर भाचीने वर यावं.

सकाळी बकारामला सांगितलं. त्याने माझ्या कोपरापासून खाली दोरी सोडून उंची घेतली. बाजूने पायऱ्या ठेवल्या. बांधता बांधता म्हणाला, "कोनाचा पुतळा बसवता का जी?"

मी म्हटलं, "भाची उभी राहणार आहे."

तो हसला नाही. पायऱ्या रुंद केल्या, साडी असली तरी चढता यावं म्हणून.

योगेश्वरी, तू पहिल्यांदा परदेशी निघालीस तेव्हा गोंदियाच्या फलाटावर मी तुझ्या पायाला हात लावायला वाकलो होतो. तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणी उभ्या होत्या. तू पाय मागे घेतलेस. माझा हात फरशीला लागला. तू तेव्हा पोर होतीस, तुझा काही दोष नाही, मी कोणाला बोललोही नाही. पण नऊ वर्षं झाली, त्या फरशीचा गारवा माझ्या हातातून गेला नाही.

तुला लाज वाटते म्हणतेस. माझं ऐक. माझा सगळा जन्म वाकण्यात गेला. चिखलात वाकून धान रोवलं, वाकून कापलं, मोठ्या लोकांपुढे कामासाठी वाकलो. त्यातलं मला काही आठवत नाही. सणावारी तुला पाटावर उभी करून तुझे पाय धुवायचो, ते आठवतं. चिखलाने भरलेले एवढेसे पाय, आणि तू गुदगुल्या होतात म्हणून हसायचीस. तेव्हा मला वाटायचं, या घरात कोणीतरी मोठं राहतं. जावईबुवांना हे तू समजावून सांग. त्यांच्या भाषेत याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

आता तर तू खरंच मोठी झालीस. मग मी हात लावू नये, हे कसं?

ओट्याचं प्लास्टर अजून केलेलं नाही. बकाराम थांबला आहे. तू नाही म्हटलंस तर मी जबरदस्ती करणार नाही, तुझी आई त्यावर वड्या वाळवेल, तिने जागाही पाहून ठेवली आहे. हो असेल तर फोनवर आईला एवढंच सांग, प्लास्टर करून घ्या. मी समजेन.

आणि सोनूलाही वर उभं करीन, ती तुझी लेक आहे. तिला अगोदर सांगून ठेव, नाहीतर म्हातारा पाय धरतो म्हणून घाबरेल.

सकाळी थंडी असते. पाणी कोमट ठेवू. मोजे जीपमध्येच काढून ठेव. पाय मागे घेऊ नको.

तुझ्या पायांची वाट पाहणारा,
मामा डोमनलाल