जावयाची पहिली किक

पुरानी बस्ती, रायपूर
६ सप्टेंबर २००९

प्रिय वरद,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ काढू नकोस. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतास. पुण्यात फार मोठा माणूस झालास. आता निवांत वाच. बाबा पुढच्या सोमवारी भनपुरीचं घर बंद करून आर्वीला काकांकडे निघालेत, कायमचे. बहात्तराव्या वर्षी माणूस आपलं घर का सोडतो? तर शेखरसमोर उभं राहायची त्यांची हिंमत होत नाही म्हणून. जावयाचा पाय आपल्या हातून मोडला, असं अकरा महिने ते अख्ख्या मोहल्ल्याला सांगत आलेत, आणि माझ्या नवऱ्याने या अकरा महिन्यांत त्यांच्या घराची पायरी चढलेली नाही.

तुझी ती मातीतून पळणारी चारचाकी अजून त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली पडली आहे. नव्या राजधानीच्या मैदानावर लोकांना तिच्यातून चकरा मारून आणायच्या, असे तुझे मनसुबे होते. भंगारातून उचलून आणलीस आणि इंजिन बाबांच्या गळ्यात टाकलंस. चौतीस वर्षं रेल्वेत फिटर राहिलेला माणूस, त्यांनी ते टू-स्ट्रोक इंजिन शेवटच्या बेअरिंगपर्यंत खोललं. नवा पिस्टन, नव्या रिंगा. त्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. खोलायच्या आधी प्रत्येक जोडावर आईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका, आणि काढलेला प्रत्येक नट वर्तमानपत्रावर, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. त्या कागदावर पाय पडला म्हणून मी लहानपणी मार खाल्लाय. तू कधी खाल्ला नाहीस, तू लाडका.

मग दसरा आला. हत्यारांची पूजा झाली, गाडीला झेंडूची माळ घातली, आणि पहिली किक जावयाची, हा मान तूच पुढे केलास. "जिजाजी, आप ही मारिये," म्हणत शेखरला हाताला धरून नेलंस. किक अर्ध्यात गेली आणि तितक्याच जोरात उलटी आली. घोट्याचा तो आवाज मी विसरलेले नाही. दोन ऑपरेशनं झाली, आत प्लेट बसली, अजून तो जिना एकेक पायरी उतरतो. बाबा तिथल्या तिथे हात जोडून म्हणाले, "माहीच चूक झाली, जावईबापू. टायमिंग म्याच चुकवलं." तू खाली मान घालून उभा होतास. मला वाटलं, पोरगा घाबरलाय. काय मूर्ख मी!

मागच्या रविवारी बाबांचं सामान बांधायला गेले आणि ताडपत्री काढली. शाळेत फिजिक्स शिकवते मी, आणि बाबांच्या हातात पाने तर तू जन्मायच्या आधीपासून देत आलेय. किक उलटी येते, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या पुष्कळ आधी ठिणगी पडते आणि तो आल्या वाटेने परत ढकलला जातो. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर मोजलं, बरोबर निघालं. ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट बघितली, लाल ठिपक्यासमोर लाल ठिपका, केसाचाही फरक नाही. प्लगच्या भोकातून स्वेटरची सुई घालून पिस्टन कुठवर आलाय ते पाहिलं, तर ठिणगी भलतीच आधी. प्लेट जागेवर आहे, मग सरकलं काय? तिच्याभोवती फिरणारं मॅग्नेट. त्याच्या नटाकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. नटाच्या कडा छिन्नीने फोडलेल्या होत्या. बाबा एक वेळ उपाशी राहतील, पण नटाला छिन्नी लावणार नाहीत. मॅग्नेट काढलं. शाफ्टवर ते जिच्यामुळे एका जागी अडकून राहतं, ती नखाएवढी अर्धगोल चावीच आत नव्हती. वाटेल तसं बसवून कुणीतरी वरून नट आवळला होता.

कुणीतरी कशाला म्हणू? पूजेच्या आदल्या दिवशी हेडलाइट लागत नाही म्हणून तू एकटाच अंगणात बसला होतास. दिव्याची वायर मॅग्नेटच्या मागून येते. बाबा पंडरीच्या बाजारात गेले होते, आल्यावर बघतो म्हणून सांगून. तुला धीर कुठला! आणि दसऱ्याच्या सकाळी तू लंगडत होतास. न्हाणीत पाय घसरला म्हणालास. मीच मलम चोळून दिलं तुला. तू आधी किक मारून बघितली होतीस, वरद. ती तुला उलटी बसली होती. आणि तरी तू शेखरला मान दिलास. चावी हरवली, ती चूक. पुढचं जे केलंस त्याला मी चूक म्हणणार नाही, तो हलकटपणा आहे.

या मापाची चावी कुठे मिळेल, एवढंच विचारायला मी बाबांकडे गेले. चष्म्याचं घर उघडून त्यांनी तीच चावी माझ्या हातावर ठेवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना सापडली होती. म्हणजे एक रात्र त्यांनी स्वतःला खरोखर दोषी मानलं, आणि उरलेले अकरा महिने तुझ्यासाठी. "पोट्ट्याचं लगन ठरून राहिलं होतं," म्हणाले, "त्याचं नाव काहून घ्यावं? माहं वय झालं, माह्यावर खपून जाते." मी रडले, भांडले. ते हलले नाहीत. उलट मलाच बांधून टाकलं, "तुले माही शपथ हाय, जावईबापूले एक शब्द बी बोलू नको."

काल मी चावी बसवली. एका किकेत इंजिन सुरू झालं. बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत, नुसतं ऐकत बसले.

शपथ मी मोडणार नाही. शेखरशी मी एक शब्द बोललेले नाही, बोलणारही नाही. म्हणून तर हे पत्र लिहिलं. उद्या ऑफिसला जाताना तो पोस्टावरून जाईल, तेव्हा त्याच्याच हाती टपालात टाकायला देणार आहे. पाकीट मी चिकटवलेलं नाही. तुझ्यापर्यंत ते चिकटवलेलं पोचलं, तर समज, शेखरने वाचूनच चिकटवलं.

तुझीच, कारण ते काही बदलता येत नाही,
ताई