तळेघरच्या आजीला दिलेलं उत्तर

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज मढला एका घरी प्रार्थनासभा घेतली, दुपारच्या एसटीने जुन्नरला परत आले आणि चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. चर्चची तुमची मंडळी आता मी सांभाळते. चर्चच्या कमिटीनेच मला पाळक म्हणून बोलावलं. हे तुम्ही पाहिलं नाहीत.

तळेघरची ती म्हातारी आजी आठवते? गावात ख्रिस्ती घर तेवढं तिचंच. फाट्यावर एसटीने सोडलं की भाताच्या खाचरांमधून तासभर चालायचं. त्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही तुमच्याबरोबर आले. आजी अंथरुणाला खिळलेली. तुम्ही स्तोत्र वाचलंत, प्रार्थना केलीत. डोळे उघडून ती म्हणाली, "पाळकबाबा, मी रोज हाक मारते. त्यो काय बोलत न्हाई. तुमाशी तरी बोलतो का?"

तुम्ही बायबल मिटलंत. "न्हाई आजी. आमची ही गेल्यापासून एकदाबी न्हाई. पण मी हाक मारायचं सोडलं न्हाई."

आजी हसली. "मंग मी येकलीच न्हाई म्हणायची," म्हणाली, आणि तुमचा हात धरून पडून राहिली. सुनेने नाचणीची भाकरी वाढली. तुम्ही पोटभर जेवलात. मी मात्र ताट तसंच बाजूला सारलं. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं दर रविवारी तुम्ही पुलपिटावरून आम्हाला काय सांगत होता, हाच विचार परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात. तुम्ही पुढे चालत होता, मी मुद्दाम मागे राहिले.

त्याच आठवड्यात मी कमिटीच्या सेक्रेटरींना सगळं सांगितलं. काळजीपोटी सांगितलं असं मी तेव्हा मानत होते. राग होता बाबा, दुसरं काही नाही. त्यांनी तुम्हाला बोलावून विचारलं आणि तुम्ही "खरं आहे" म्हणालात. आता विश्रांती घ्या, असं सांगण्यात आलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी भाजी चिरत होते. तुम्ही दारात उभे राहिलात. ओरडाल म्हणून मी वाट पाहत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "तू खोटं नाही सांगितलंस."

पुढची तीन वर्षं, जाईपर्यंत, तुम्ही चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलात. नव्या पाळकांना रविवारच्या भक्तीनंतर पहिला सलाम तुमचा असायचा. लोक तुमच्याशी बोलताना चुळबुळायचे. मी पुढच्या बाकावर बसायचे, मागे वळून पाहायचं नाही म्हणून.

आज मढला सभा संपल्यावर एक शेतकरी मागे थांबला. त्याची बायको गेल्या पावसाळ्यात वारली. म्हणाला, "ताई, तुमाशी देव बोलतो का वो?"

बाबा, उपदेश लिहायला बसते तेव्हा आतून काहीच येत नाही. कितीतरी महिने झाले. वाक्यं जुळवते, लोक छान झालं म्हणतात. तरी मी त्याला म्हणाले, "बोलतो ना. रोज बोलतो."

त्याने मान खाली घातली. "मंग माझंच कायतरी चुकत आसंल."

तो एवढासा झाला होता. एक वाक्य पुरलं असतं, तुम्ही आजीला सांगितलंत तसं. मी घड्याळ पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला अजून तास होता. तो तास मी फाट्यावर एकटी उभी राहून काढला.

उद्या पुन्हा मढला जाईन म्हणते. जाईनच असं वचन मात्र देत नाही, अलीकडे माझ्या शब्दाचा मलाच भरवसा वाटत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून ते टेबलाच्या खणातच राहील. मंडळीत कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट तेवढी लिहून ठेवते. मी प्रार्थनेला गुडघे टेकते, "हे पित्या" म्हणते, आणि डोळ्यांसमोर तुम्ही येता.